मागे पडलीस, ती कोणाच्या?

नाशिक, सप्टेंबर

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र सावकाश वाचले. पहाटे पाचला उठणे, धावायला जाणे, रात्री रोजनिशी लिहिणे, मोबाइलमधल्या अ‍ॅपवर दिवसभरातील सवयींच्या खुणा करणे आणि दर महिन्याला आत्मविकासाचे एक पुस्तक संपवणे, हे सारे तू नेमाने करतेस आणि तरीही आतून रिकामे वाटते, असे तू लिहिले आहेस. मला त्या पत्रात एक गोष्ट खटकली. एवढ्या मोठ्या मजकुरात तुझ्याखेरीज दुसरे माणूस जवळजवळ नाहीच. वडील येतात ते ‘त्यांच्याशी बोलताच येत नाही’ एवढे सांगण्यापुरते, आणि जिच्या मागे बसून तू रोज अंबडला कामाला जातेस त्या मैत्रिणीचा उल्लेख आहे तो तिच्या स्कूटरच्या निमित्ताने.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरोल रिफ यांनी 1989 मध्ये मानसिक स्वास्थ्याची सहा अंगे मांडली: स्वतःचा स्वीकार, इतरांशी जिव्हाळ्याचे नाते, स्वतःच्या मताने वागण्याची ताकद, रोजचा संसार-व्यवहार पेलण्याची क्षमता, जगण्याला काही उद्देश, आणि वैयक्तिक विकास. विकास हे त्यांतले एक अंग आहे, सहावा हिस्सा. तू सगळा वेळ त्या एकाला दिलास आणि बाकीच्या पाचांत काही उगवत नाही म्हणून पुन्हा त्यालाच आणखी वेळ देते आहेस. आत्मविकास विकणाऱ्यांचे यात काही बिघडत नाही. एकटे पडलेले माणूस पुढचे पुस्तकही विकत घेतेच.

माझे म्हणणे एवढेच आहे की तुला सध्या नव्या सवयीची गरज नाही, संवादाची आहे. संवाद म्हणजे मन मोकळे करणे एवढेच नव्हे. ‘मी मागे पडले आहे’ हे वाक्य तुझ्या पत्रात पुन्हा पुन्हा येते. रोजनिशीतही ते असणार, आणि रोजनिशीने त्यावर कधी शंका घेतली नसणार. हेच वाक्य तू माझ्यासमोर उच्चारले असतेस, तर मी लगेच विचारले असते, की कोणाच्या मागे? कोणत्या बाबतीत? कोणी आखलेल्या वेळापत्रकाप्रमाणे? अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा गाभा हाच आहे. घडलेली घटना आणि तिच्यामुळे आपल्याला होणारा त्रास यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते, तिच्यात बहुधा एखादा ‘झालेच पाहिजे’ लपलेला असतो, आणि आपण त्रासाचे खापर मात्र घटनेवर फोडतो. तुझ्या बाबतीत घटना एवढीच आहे की दोन वर्गमैत्रिणी पुण्याला गेल्या आणि त्यांचे पगार वाढले. पंचविशीच्या आत आपलेही सगळे मार्गी लागलेच पाहिजे, ही तुझी समजूत. ती स्वतःची स्वतःला दिसणे फार अवघड असते, समोरच्याला ती एका प्रश्नात दिसते.

हे मी पुस्तकांपेक्षा सातपूरच्या कारखान्यात अधिक शिकले. कारखाने अधिनियम, 1948 प्रमाणे 500 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावाच लागायचा. माझी नोकरी ती होती, आणि कायदा करणाऱ्यांच्या शहाणपणाविषयी मला आजही आदर आहे. कामगार यायचे ते रजेसाठी किंवा उचल मागण्यासाठी. अर्ज पुढे सरकवून, सही घेऊन, दारापर्यंत जाऊन ते पुन्हा वळायचे आणि मग खरी गोष्ट निघायची: भावाशी वाटणीवरून तुटलेले बोलणे, मुलाचे व्यसन, रात्रपाळीनंतर न येणारी झोप. त्या वेळी लगेच उपाय सांगू लागले की माणूस ‘बरोबर आहे मॅडम’ म्हणून निघून जायचा आणि परत यायचा नाही. ‘मग तुम्ही काय केलेत?’ एवढे विचारून गप्प राहिले की तो बोलत राहायचा, आणि बरेचदा स्वतःचा मार्ग स्वतःच काढून उठायचा.

म्हणून कोणाशी बोलावे, हे नीट पारखून घे. रविवारी मिसळ खायला जाणारी तुमची मंडळी मला ठाऊक आहेत. त्यांच्या थट्टामस्करीला माझा विरोध नाही, उलट तीही हवीच, परंतु दहा जणांच्या टेबलावर मनातले बोलायला गेलीस तर त्याचाही विनोद होईल. एकच माणूस निवड. जे तुझे बोलणे अर्ध्यावर तोडून ‘माझ्या बाबतीत तर’ असे सुरू करत नाही आणि आज ऐकलेले उद्या दुसऱ्याला सांगत नाही, असे. बोलण्याआधी स्पष्ट सांग, की मला आज सल्ला नको, फक्त ऐकून घे. आपल्याकडे प्रेम असलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय राहत नाही, त्यामुळे हे सांगणे उद्धटपणाचे नाही, उपयोगाचे आहे. आणि त्या मैत्रिणीच्या घरी काय चालले आहे, हे तूही विचार. स्कूटरवर मागे बसणारीने एवढे तरी द्यावे.

आता वडिलांविषयी. तू लिहितेस की एकदा तू मुद्दाम त्यांना समोर बसवून ‘मला तुमच्याशी बोलायचे आहे’ म्हणालीस आणि ते उठून शेतावर गेले. ते जातीलच. ज्या पिढीला समोरासमोर बसवून विचारणा झाली ती मास्तरांकडून नाहीतर सोसायटीच्या वसुली अधिकाऱ्याकडून, तिला अशा बैठकीची धास्ती वाटते. तुझे वडील बोलतात ते हाताला काम असताना. दिंडोरीत आता द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीची तयारी सुरू असेल. एप्रिलच्या छाटणीनंतर वेलीच्या काडीवरल्या डोळ्यांत, म्हणजे अंकुरांत, सूक्ष्म घड तयार होत असतात. त्या काळात आभाळ भरलेले राहिले, ऊन कमी पडले, तर घडांची संख्या घटते. म्हणून बागायतदार छाटणीआधी काड्या तपासायला नेतात, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे पाहून घेतात आणि मग कितव्या डोळ्यावर काडी छाटायची ते ठरवतात. वर्षभराचे उत्पन्न, सोसायटीचे कर्ज आणि तुझ्या भावाची फी या तपासणीवर अवलंबून असते, आणि ती काळजी ते बहुधा कोणालाच बोलून दाखवत नाहीत. येत्या सुट्टीत त्यांच्याबरोबर काड्या काढायला जा आणि ‘यंदा डोळे कसे आहेत?’ एवढेच विचार. पहिल्या दिवशी फक्त द्राक्षांवर बोलणे होईल. होऊ दे. त्यांच्या काळजीत तुला जागा मिळाली की तुझ्या काळजीला त्यांच्याकडे जागा होईल. हे एका फेरीत होणार नाही, आणि कदाचित ते तुझ्या लग्नाच्या मुद्द्यावर तुझ्याशी सहमतही होणार नाहीत. सहमती आणि संवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक गोष्ट मात्र ताणू नकोस. झोप आणि भूक बिघडणे, कशातच गोडी न वाटणे, स्वतःला कवडीमोल समजणे, हे जर सलग दोन आठवडे दिवसाच्या बहुतेक वेळी राहिले, तर ते मैत्रिणीच्या किंवा माझ्या आवाक्यातले नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदाही आला, तर दोन आठवडेही थांबायचे नाही. केंद्र सरकारची ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेव, तुला लागला नाही तर दुसऱ्या कोणाला लागेल.

तू विचारलेस, की आयुष्याला अर्थ कसा द्यायचा. मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर एकटीने बसून शोधण्यात फारसे हाती लागत नाही. आपल्याच गावातले पाहा. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला, आणि त्या साऱ्या काळात दार उघडले नाही. तुझ्या अ‍ॅपच्या हिशेबाने त्यांना रोज ‘अपूर्ण’ अशीच खूण करावी लागली असती. त्यांच्या दिवसांना अर्थ होता, कारण प्रश्न एकट्याचा नव्हता आणि त्यासाठी शेजारी दुसरे माणूस उभे होते. तुझ्याकडून कोणी सत्याग्रहाची अपेक्षा करत नाही. पण आठवड्यातील एक संध्याकाळ अशा कामाला दे, जिथे तुझ्या प्रगतीची नोंद कोणीच ठेवत नाही. 1840 पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय तुझ्या खोलीपासून लांब नाही, तिथे सभासद हो आणि माणसांत बसून वाच. वस्तीतल्या मुलांना गणित शिकवणे तुला आवडते, ते पुन्हा सुरू कर. मे महिन्यात गोदाघाटावर व्याख्यानमाला असते, तिथे भाषणापेक्षा भाषणानंतरच्या गप्पांसाठी थांबत जा.

राहिला प्रश्न वर्षभर नोकरी सोडून ‘स्वतःचा शोध’ घेण्याचा. माझे मत विचारशील, तर आत्ता सोडू नकोस. ज्या क्षेत्रात जावेसे वाटते तिथे रोज काम करणाऱ्या दोघा-तिघांना आधी भेट, त्यांचा कंटाळवाणा दिवस कसा जातो ते विचार, पगार विचारायला लाजू नकोस. त्यानंतर आणि वडिलांशी बोलणे झाल्यानंतर जे ठरेल ते मला कळव; राजीनामा द्यायचेच ठरले, तर नोटिशीचा कालावधी आणि भविष्य निर्वाह निधीचे कागद आपण दोघी बसून पाहू.

तुझी,
मावशी