काकूंना विचारा : वुडलँड्सची पत्रं

दिवाळी अंकात आमच्या वुडलँड्सच्या दिवसांबद्दल दीड पान लिहिलं, त्याचं फळ म्हणजे टेबलावरचा हा पत्रांचा गठ्ठा. सासू-सुना, उधारी, धुऱ्याची भांडणं सगळी या महिन्यात मागे पडली. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. वुडलँड्स हे सिंगापूरचं उत्तरेकडचं टोक. समोर अरुंद खाडी, खाडीपार मलेशियाचं जोहोर बारू. यांच्या शिपयार्डातल्या नोकरीपायी आम्ही तिथे अकरा वर्षं काढली, सगळी भाड्याच्या घरात. आता मोर्शी तालुक्यात संत्र्याच्या बगिच्यात बसून उत्तरं लिहिते आहे. आंबिया बहारासाठी झाडं ताणावर सोडली आहेत, म्हणजे त्यांचं पाणी तोडलं आहे, म्हणून हात रिकामे.

मुलाला सिंगापुरात नोकरी लागली. ऑफिस शहराच्या मध्यभागी आहे, पण हा म्हणतो भाड्याची खोली वुडलँड्सला घेणार. एवढ्या लांब, गावाबाहेरच्या वस्तीत राहावं का? — एक वडील, दारव्हा

भाऊ, तुमच्या डोळ्यासमोर गावाबाहेरची वस्ती म्हणजे काय आहे ते मला कळतं. तसं तिथे नाही. आख्खं सिंगापूर साधारण ७३५ चौरस किलोमीटर. अमरावती जिल्ह्यात तशी सोळा सिंगापुरं बसतील. तुम्ही दारव्ह्याहून यवतमाळला एस्टीने जाता, त्याहून कमी वेळात पोरगं मेट्रोने वुडलँड्सहून ऑफिसात पोचेल. लाल लाइन तिथे १९९६ पासून आहे, तपकिरी लाइन २०२० मध्ये सुरू झाली. भाडं मध्यभागापेक्षा कमी. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

राहायला बहुधा एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीत मिळेल. सरकारी म्हटल्यावर नाक मुरडू नका, तिथले दहातले आठ जण अशाच घरात राहतात. तळमजला मोकळा सोडलेला असतो. आमच्या इमारतीखाली एका शनिवारी मलाय लग्नाचा मांडव होता आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी चिनी माणसाच्या मयतीची टेबलं लागली होती. दोन्हीकडे खुर्च्या त्याच.

कपडे वाळवायचे ते स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू खोचून. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांचं लुगडं आठव्या मजल्यावरच्या आमच्या बांबूवरून सुटलं आणि सहाव्या मजल्यावर कोणाच्या तरी धुण्यावर जाऊन बसलं. तिथली चिनी मावशी ते व्यवस्थित घडी करून वर घेऊन आली, आणि मग एक बोट आभाळाकडे करून मला पाच मिनिटं झापलं. भाषा कळली नाही, मुद्दा कळला. पाऊस यायच्या आत कपडे आत घ्यायचे. तिथे पाऊस मृगाची वाट बघत नाही, बाराही महिने येतो.

खरा त्रास दमटपणाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६ वर जातो, पण सावलीत बसलं की जीव थाऱ्यावर येतो. तिथे पारा ३२-३३ च्या वर फारसा जात नाही, पण अंग सुकतच नाही. माझा लग्नातला शालू मी कपाटात तळाशी ठेवला होता. दुसऱ्या वर्षी काढला तर जरीच्या काठाला पांढरी बुरशी, बोट लावलं की भुकटी उडावी अशी. तेव्हा मुलाला सांगा, चामड्याचे बूट, सर्टिफिकेटं, रेशमी काही असेल ते इथेच ठेव.

आणि भाडेकरार वाचून सही कर म्हणावं. बहुतेक करारात दर तीन महिन्यांनी एसीची सर्व्हिसिंग भाडेकरूने करायची, अशी ओळ असते. आम्ही केली, पावत्या मात्र जपल्या नाहीत. पहिल्या घरमालकाने निघताना तेवढ्यावरून आमचं एका महिन्याचं डिपॉझिट कापून घेतलं. यांनी नंतर पावत्यांची फाइल केली, ती अजून घरात आहे. टाकवत नाही.

नागपूरला एका हॉटेलात प्रदर्शन होतं. 'सिंगापूरपासून १५ मिनिटांवर फ्लॅट, समुद्रासमोर' असं सांगतात. शिवाय खुद्द वुडलँड्सलाही फ्लॅट दाखवतात. कापसाचे आणि रस्त्यात गेलेल्या वावराच्या मोबदल्याचे पैसे आहेत. गुंतवावे का? — शेतकरी, हिंगणघाट तालुका

या पत्राला मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं, कारण मोबदल्याचा पैसा एकदाच येतो.

आधी ते १५ मिनिटांवरचं. ते सिंगापूर नाही भाऊ, ते जोहोर, म्हणजे मलेशिया. मधे कॉजवे आहे, खाडीवरचा किलोमीटरभराचा बांध, १९२४ सालचा. त्या बांधावरून दिवसाला तीन लाखांच्या वर माणसं जातात आणि दोन्हीकडे पासपोर्ट दाखवावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही एकदा ९५० नंबरच्या बसने निघालो ते जोहोरला जेवायला, आणि जेवलो रात्री साडेदहाला. वुडलँड्स नॉर्थ ते बुकित चागार अशी चार किलोमीटरची नवी रेल्वे बांधली आहे, ती २०२६ च्या अखेरीस सुरू करायचं ठरलेलं आहे. तिने माणसांची सोय होईल, पण देश एक होणार नाही. तिकडचा कायदा, तिकडचं चलन रिंगिट, तिकडचं भाडं. जोहोरच्या किनाऱ्यावर समुद्रात भर घालून सात लाख लोकांसाठी फॉरेस्ट सिटी नावाचं शहर उभारायला घेतलं होतं. टॉवर उभे राहिले, बहुतेक खिडक्यांत दिवा लागत नाही. समुद्र मात्र समोर आहे, ते खोटं बोलत नाहीत.

आता खुद्द वुडलँड्स. सरकारी फ्लॅट परदेशी माणसाला मिळतच नाही. कायम रहिवासी झालात, म्हणजे पीआर मिळाला, तरी तीन वर्षं थांबायचं आणि मग फक्त जुना, दुसऱ्याने विकायला काढलेला घ्यायचा. आम्ही थांबलो. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आवडला, चिनी म्हाताऱ्याशी भाव ठरला, चहाही झाला. मग कळलं की आमच्या इमारतीत 'भारतीय व इतर' यांचा कोटा भरलेला आहे. १९८९ पासून तिथे प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती घरं असावीत याची मर्यादा आहे, एकाच जातीचे मोहल्ले होऊ नयेत म्हणून. हेतू चांगला आहे, मी मान्य करते. पण त्या दिवशी म्हातारा आणि मी, दोघंही हिरमुसून बसलो होतो.

राहिला खासगी कॉन्डो, म्हणजे खासगी बिल्डरने बांधलेला फ्लॅट. तो तुम्हाला कायद्याने घेता येतो. पण २७ एप्रिल २०२३ पासून परदेशी खरेदीदाराला नेहमीच्या मुद्रांक शुल्काशिवाय किमतीच्या ६० टक्के अतिरिक्त शुल्क आहे. आपण वहीत मांडू. समजा घर १५ लाख सिंगापूर डॉलरचं. अतिरिक्त शुल्क ९ लाख. नेहमीचं शुल्क ४४,६००. म्हणजे घरापायी ९,४४,६०० डॉलर सरकारजमा, घर वेगळं. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमात माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरच बाहेर पाठवता येतात. नवरा-बायकोचे मिळून पाच लाख, त्यात हा नुसता करसुद्धा बसत नाही. वर गुंतवणुकीसाठी वर्षाला १० लाख रुपयांच्या पुढे पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो रिटर्न भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. आणि दर वर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. विसरलात तर दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो.

एवढं करून हातात काय? तिथल्या बऱ्याच कॉन्डोंची आणि सगळ्या सरकारी घरांची जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्यावर असते. आपल्या भाषेत मक्त्याचं वावर. मुदत सरली की जमीन सरकारची. तिथल्या माणसाला ते चालतं, कारण तो त्या घरात जन्म काढतो. तुम्ही हिंगणघाटला बसून सातबारा नसलेल्या खोलीचं भाडं कोणाकडून वसूल करणार?

फारच हौस असेल तर एक गंमत सांगते. वुडलँड्स स्टेशनला लागून कॉजवे पॉइंट नावाचा मॉल आहे, जिथे मी अकरा वर्षं दूध-ब्रेड घेतलं. तो मॉल एका ट्रस्टकडे आहे आणि त्या ट्रस्टची युनिटं, म्हणजे शेअरसारखे हिस्से, तिथल्या शेअर बाजारात शंभराच्या पटीत विकत मिळतात. कर आणि तक्त्याची भानगड त्यालाही आहेच, आणि भाव खालीही जातो. घ्या असं मी म्हणत नाही. पण समुद्रासमोरच्या खोलीपेक्षा त्यातला तोटा सोसवेल असा असतो. मला विचाराल तर मोबदल्याच्या पैशातून आधी शेजारचं वावर बघा.

लेकीकडे महिनाभर वुडलँड्सला जाते आहे. अनारसे, घरचा सावजी मसाला आणि जावयाच्या मित्रासाठी खर्रा न्यायचा आहे. विमानतळावर त्रास होतो का? — एक आई, वरूड

ताई, होतो! आधी खर्रा काढा. गुटखा, खैनी, जर्दा असली चघळायची तंबाखू तिथे बंद आहे. मित्राला म्हणावं, विदर्भात आलास की खा.

आता ऐका, हे कोणी सांगत नाही. अनारशावर आपण खसखस लावतो आणि सावजी मसाल्यात ती वाटून घालतो. सिंगापुरात खसखस न्यायला मनाई आहे. ती अफूच्या झाडाची, तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो, म्हणून अमली पदार्थ खात्याचा नियम. माझ्या जावेने पहिल्या वर्षी डबाभर अनारसे आणले होते आणि विमानात बसल्यावर शेजारच्या बाईने तिला हे सांगितलं. ती चांगी विमानतळावर उतरली तेव्हा चेहरा असा, जणू खिशात अफूच आहे. डबा तिने तिथेच कचऱ्यात टाकला. नंतर आम्ही अनारसे तिळाचे करायला लागलो. बघा करून, तुपात तीळ छान फुटतात. मसाला बिनखसखशीचा न्या, थोडं खोबरं वाढवा. मटणाचं काहीही नेऊ नका, सुकंसुद्धा.

व्हिसा आधी लागतो, तो ऑनलाइन होतो, अधिकृत एजंटाकडून घ्या. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. नागपूरहून जाताना मधे विमान बदलावं लागेल, तेव्हा दुपारची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, घड्याळ अडीच तास पुढे.

फिरायचं म्हणाल तर लेक तुम्हाला सिंहाच्या पुतळ्याकडे नेईलच. एक सकाळ मात्र वुडलँड्सजवळच्या सुंगेई बुलोहला जा. खारफुटीचं रान आहे, हिवाळ्यात उत्तरेकडचे पक्षी उतरतात, आणि चिखलात घोरपडीएवढे नव्हे, घोरपडीच्या आजोबांएवढे सरडे फिरतात. जवळच क्रांजीचं युद्धस्मारक आहे. भिंतींवर २४ हजारांवर बेपत्ता सैनिकांची नावं कोरली आहेत, त्यांत आपल्याकडच्या फौजेतलेही फार आहेत. मी एकदा दुपारी तिथे 'मराठा' शब्द शोधत उभी होते, सापडला तेव्हा बोट ठेवून बघितलं. दगड तापला होता.

मुलगा-सून पीआर घेणार म्हणतात, चौदा वर्षांच्या नातवासह. हरकत आहे का? आणि आम्ही दोघं कायमचे तिकडे जाऊ शकतो का? — आजोबा, वाशीम

दुसरं आधी सांगते. मुलाच्या नोकरीच्या पासवर आईवडिलांना लांब मुदतीचं राहता येतं, पण त्याचा महिन्याचा पगार किमान १२ हजार सिंगापूर डॉलर लागतो. नसेल तर पाहुणे म्हणूनच जा.

नातवाचं नीट बोलून घ्या. आईवडिलांबरोबर पीआर झालेल्या मुलाला अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा असते. ती न करता पीआर सोडला तर पुढे तिथे शिकायला किंवा नोकरीला अर्ज केल्यावर ते आडवं येतं. आमच्याकडे मुलगीच असल्याने प्रश्न आला नाही. मजल्यावरच्या तमिळ कुटुंबाचा मुलगा मात्र गेला. जाताना रडला, दोन वर्षांनी आला तो पहाटे स्वतःची चादर स्वतः घडी करणारा. आईला अजून पटत नाही की तोच आहे. चौदा वर्षांच्या पोराला त्याचं मत विचारलं का कोणी?

तिथे ज्वारीची भाकर मिळते का? — चांदूर बाजार

पीठ लिटल इंडियात मिळतं. भाकर तुम्हालाच थापावी लागते.

आमच्या गावाला मार्चपासून टँकर. त्या बेटावर ना मोठी नदी, ना धरण. पाणी कुठून आणतात? — शिक्षक, वरूड तालुका

गुरुजी, तुमचा आणि माझा तालुका दोन्ही डार्क झोनमध्ये, म्हणजे जमिनीतलं पाणी बेसुमार उपसलेल्या भागात, म्हणून हे पत्र शेवटी ठेवलं, सावकाश लिहायला. कॉजवेवरून बसने जाताना बाजूला जाडजूड पाइप दिसतात. त्यातून जोहोरचं पाणी येतं. १९६२ चा करार आहे, तो २०६१ ला संपतो. ती तारीख तिथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. म्हणून त्यांनी खाड्यांची तोंडं बांधून गोड्या पाण्याचे तलाव केले, वुडलँड्सजवळचा क्रांजी तलाव तसाच. समुद्राचं पाणी गोडं करतात. आणि २००३ पासून सांडपाणी इतकं शुद्ध करतात की परत वापरता येतं, त्याला न्यूवॉटर म्हणतात. बरंचसं कारखान्यांना जातं, थोडं तलावात सोडतात.

ते बघायला गेलो तेव्हा सगळ्यांच्या हातात एकेक बाटली दिली. यांनी बाटली उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्याकडे सरकवली. मी प्यायले. चव कसलीच नाही, अगदी कसलीच. आमच्या बोअरचं पाणी त्याहून गोड लागतं. बोअर आता आठशे फुटांवर गेली आहे.