दोन दिवस आजारांच्या यादीवर घालवू नका

तुम्ही विचारलंय की तरुण मुलामुलींच्या गटांसोबत काम करणाऱ्या बारा कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, त्यात कोणकोणते मानसिक आजार शिकवावेत. मीही सुरुवातीची काही वर्षं असंच शिकवायचो, तासाला एक आजार आणि त्याची लक्षणं. कार्यकर्ते वह्या भरून न्यायचे. महिन्याभराने फोन यायचा, "एक मुलगी हल्ली फार गप्प असते, हे नैराश्य असेल का?" तिच्याशी बोललात का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही, माझ्या तोंडून काही चुकीचं गेलं तर?"

निदान करणं हे त्यांचं कामच नाही. रोज येणारा मुलगा यायचा बंद झाला, झोप उडाली, मित्र तुटले, हा बदल टिपणं आणि त्याच्याशी बोलणं हे त्यांचं काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटात दर सात जणांमागे एकाला मानसिक आजार असतो. म्हणजे हे बोलण्याची वेळ प्रत्येक कार्यकर्त्यावर येणारच.

म्हणून निम्म्याहून जास्त वेळ जोड्या करून सरावाला द्या. सगळ्यात जास्त आत्महत्येबद्दल विचारण्याच्या सरावाला. पहिल्यांदा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "काही वेडंवाकडं तर मनात येत नाही ना?" या प्रश्नातच 'नाही' म्हण, असं सांगितलेलं असतं. "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?" हे वाक्य प्रत्येकाला मोठ्याने म्हणायला लावा, आवाज कापायचा थांबेपर्यंत. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोलात जाऊन काढा. आजवरच्या अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही. विचारून झालं की गप्प बसण्याचाही सराव हवा. ती शांतता सल्ल्याने भरून काढायची घाई सगळ्यांनाच होते.

उत्तर 'हो' आलं तर? त्याला एकटं सोडायचं नाही, जवळची घातक साधनं दूर करायची, आणि पुढे कुणाला कळवायचं ते आधीच ठरलेलं असायला हवं. "कुणाला सांगणार नाही ना?" याला "नाही सांगणार" असं वचन कधीच देऊ नये. "तुझ्या जिवाला धोका वाटला तर मला मदत घ्यावी लागेल, पण तुला सांगूनच घेईन," हे वाक्यही पाठ होऊ द्या. मदतीच्या यादीतला प्रत्येक फोन नंबर प्रशिक्षणाआधी स्वतः लावून बघा. बंद नंबर हाती पडलेला मुलगा दुसऱ्यांदा विचारत नाही.

तुमच्या बारा जणांतही कुणाची जखम ओली असू शकते. खोलीबाहेर जायची मोकळीक आणि बाहेर सोबत बसणारं एक माणूस, एवढी सोय कराच.

बेट्टी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी २००० साली ऑस्ट्रेलियात मानसिक प्रथमोपचाराचा, म्हणजे मानसिक त्रासातल्या माणसाला तज्ज्ञांची मदत मिळेपर्यंत आधार कसा द्यायचा याचा, अभ्यासक्रम सुरू केला. अशा प्रशिक्षणाने शिकणाऱ्यांची माहिती आणि आत्मविश्वास वाढतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पण ज्यांना आधार द्यायचा त्यांची स्थिती सुधारते का, याचे पुरावे फार तोकडे आहेत. माझ्या मते खरं काम नंतरच्या बैठकांत होतं. महिन्यातून एकदा दीड तास, अनुभवी समुपदेशकासोबत, प्रत्यक्ष घडलेल्या एक-दोन प्रसंगांवर, मुलांची नावं न घेता. पैसे कमी पडत असतील तर प्रशिक्षण दीड दिवसावर आणा, पण या बैठका किमान सहा महिने ठेवा.