साधी हॅचबॅक की ‘एन लाइन’? : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : नवी ह्युंदाई आय२० घ्यायची आहे. रोजचे येणे-जाणे २५ किलोमीटर, शिवाय महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटातून चिपळूणला जावे लागते. गाडीत बहुतेक वेळा चौघे असतो. शोरूममध्ये तिच्याच स्पोर्टी आवृत्तीचा, एन लाइनचा आग्रह होतोय. मधल्या व्हेरियंटपेक्षा दीड लाखाच्या वर जास्त मोजावे लागतील. इतका फरक खरेच आहे का? (कराड)

तुमच्या वापराला आहे. मात्र हे दीड लाख नेमके कशाचे, ते आधी पाहू.

साध्या आय२०मध्ये ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे. मॅन्युअलमध्ये ते ८३ पीएस ताकद आणि सुमारे ११५ एनएम टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देते, आणि हा पूर्ण टॉर्क मिळतो ४२०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तितक्या फेऱ्यांना. एन लाइनमध्ये ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे, म्हणजे हवा दाबून आत भरणारे. ताकद १२० पीएस, टॉर्क १७२ एनएम आणि तो १५०० ते ४००० आरपीएमच्या पट्ट्यात सलग. पीएसच्या आकड्यापेक्षा तुम्हाला उपयोगी पडणार आहे तो हा पट्टा.

गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर पुढे चढावर रखडतोय, तुम्ही ३५-४०च्या वेगात मागे अडकलाय, एसी चालू आहे, गाडीत चौघे आहेत. समोरचा रस्ता काही सेकंदांपुरताच मोकळा दिसतो. साध्या इंजिनाला इथे दुसऱ्या गिअरवर आणून साडेचार-पाच हजार आरपीएमपर्यंत ओढावे लागते आणि मध्येच तिसरा टाकावा लागतो. नेमका त्याच वेळी जोर तुटतो. टर्बोला तिसऱ्या गिअरमध्येच पाय दाबला की पुरते. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी बरीच होते, त्यामुळे समोरच्या लेनमध्ये काढलेला प्रत्येक जादा सेकंद धोक्याचा. या एका कारणासाठी आम्ही टर्बोच्या बाजूने उभे राहू.

उंचीचाही मुद्दा आहे. दर हजार मीटरला हवा साधारण दहा टक्के विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात उतरते. महाबळेश्वरच्या उंचीवर ८३ पीएसचे जेमतेम ७३ उरतात. टर्बो हवा दाबून भरत असल्याने त्याला ही घट फारशी जाणवत नाही.

इंजिनाखेरीज एन लाइनमध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक, थोडे कडक सस्पेन्शन, वजनदार स्टिअरिंग आणि वेगळा एक्झॉस्ट मिळतो. घाट उतरताना मागच्या डिस्कचा फायदा म्हणजे त्या लवकर थंड होतात आणि पाण्यातून गेल्यावर लवकर सुकतात. ब्रेकिंगचा मोठा भार पुढच्या चाकांवरच असतो, म्हणून मागे ड्रम असलेली गाडी असुरक्षित ठरत नाही. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा नियम दोन्ही गाड्यांना सारखाच.

व्हेरियंट निवडताना एक हिशेब मांडा. सप्टेंबर २०२३मध्ये नवी आय२० आली तेव्हा साध्या गाडीचे सर्वांत वरचे मॅन्युअल व्हेरियंट आणि एन लाइनचे सर्वांत खालचे एन६ मॅन्युअल, दोन्ही दहा लाखांच्या अगदी उंबरठ्यावर होती. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी उतरला तो दोन्ही गाड्यांचा, कारण दोन्ही चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीखाली आहेत. म्हणजे खरी निवड अशी : त्याच पैशात मोठा स्क्रीन आणि भारी स्पीकर हवेत, की इंजिन आणि ब्रेक? स्पीकर नंतर बसवता येतात, इंजिन आणि ब्रेक नाहीत. आमचे मत एन६ मॅन्युअलला. वरच्या एन८साठी आणखी लाखभर घालू नका.

टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर एकट्याने घेऊ नका. घरच्यांना बसवा, एसी लावा आणि एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पाय दाबा. दोन्ही गाड्या लागोपाठ अशा चालवल्या की फरक लगेच कळेल. मग एकदा खड्ड्यांच्या रस्त्यावर मागच्या सीटवर स्वतः बसून पाहा. घरात कंबरदुखीचे कोणी असेल तर कडक सस्पेन्शनबद्दल त्यांचा शब्द शेवटचा माना.

प्रश्न : घोडबंदर रोडवरून रोज ऑफिसला जातो. गर्दीत क्लच दाबून गुडघा दुखतो, म्हणून ऑटोमॅटिकच हवी. एन लाइन डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) घेऊ का? हायवेला वर्षातून चार-पाचदाच जाणे होते. (ठाणे)

नका घेऊ. तुमच्यासाठी साधी १.२ आयव्हीटी बरी. आयव्हीटी म्हणजे सीव्हीटी जातीचा, ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जोरात पाय दाबला की इंजिन ओरडते आणि गाडी मागाहून येते, पण गर्दीत सरपटायला तो लोण्यासारखा चालतो.

एन लाइनचा ७-स्पीड डीसीटी कोरड्या क्लचचा आहे. आत मॅन्युअलसारख्याच क्लच प्लेट आहेत, फक्त दोन, आणि त्या तुमच्याऐवजी कॉम्प्युटर दाबतो. ताशी चार-पाच किलोमीटरने गाडी पुढे सरकवत राहिलात की प्लेट पूर्ण जुळत नाहीत, घासत राहतात आणि तापतात. चढावर ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे तर याहून वाईट. फार तापल्यावर गाडी आधी धक्के देते, मग मीटरवर इशारा येतो.

तरीही डीसीटीच घ्यायची ठरली तर सवय बदला. पुढच्या गाडीला चिकटून फूट-फूट सरकू नका. एक-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एका दमात पुढे जा आणि पुन्हा पूर्ण थांबा. चढावर थांबताना पाय ब्रेकवरच हवा. इशारा आलाच तर बाजूला घ्या, लिव्हर ‘पी’वर टाका, इंजिन चालू ठेवा आणि इशारा जाईपर्यंत थांबा. घाईने इंजिन बंद करू नका.

प्रश्न : टर्बो गाडीचा नंतरचा खर्च किती वाढतो? विमा, टॅक्स, सर्व्हिसिंग सगळे धरून सांगा. (नाशिक)

सुरुवातीलाच एक उलटी गंमत आहे. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता ताकदीवर नव्हे, सीसीवर ठरतो. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांनुसार नव्या गाडीचा तीन वर्षांचा हप्ता १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे ९९८ सीसीची एन लाइन इथे साध्या आय२०पेक्षा ४,११९ रुपयांनी स्वस्त पडते. ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग गाडीच्या किमतीवर असल्याने तो मात्र जास्त बसतो.

रोड टॅक्सकडे नीट लक्ष द्या. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांना १२ टक्के, तोही पूर्ण किमतीवर. गाडी ९ लाख ९० हजारांची असेल तर टॅक्स १,०८,९००. तीच १० लाख १० हजारांची झाली तर १,२१,२००. वीस हजारांच्या व्हेरियंटसाठी बारा हजारांचा टॅक्स वाढतो. दुरंगी रंगासाठी दहा लाखांची रेघ ओलांडणारे गिऱ्हाईक पुष्कळ असतात. कोटेशन घेताना हा आकडा वेगळा लिहून मागा.

पेट्रोलचे गणित असे करा. समजा महिन्याला १००० किलोमीटर चालवता, साधी गाडी शहरात १४ देते आणि टर्बो १२. जवळपास १२ लिटर जास्त लागतील. १०४ रुपये दर धरला तर महिन्याला साडेबाराशे, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. हायवेवर स्थिर ८०-९०ने चालवलीत तर हा फरक बराच मिटतो, पण सारखा पाय दाबत राहिलात तर वाढतोच.

सर्व्हिसिंगमध्ये खरी काळजी ऑइलची. टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो. ऑइल जुने होऊन काळे, चिकट झाले की पहिला बळी त्याचाच. फुल्ली सिंथेटिकच घाला, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे, आणि डब्यावर ‘एपीआय एसपी’ हा ऑइलचा दर्जा लिहिलेला पाहून घ्या. कमी आरपीएमवर टर्बो इंजिनात होणारे अवेळी स्फोट टाळण्याची चाचणी त्या दर्जात धरलेली आहे. हे स्फोट पिस्टन फोडू शकतात. म्हणून पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये १२००-१३०० आरपीएमवर असताना पाय पूर्ण दाबू नका, आधी गिअर उतरवा. कंपनीचे वेळापत्रक वर्ष किंवा १०,००० किलोमीटरचे असले तरी शहरातल्या गर्दीत चालणाऱ्या गाडीचे ऑइल ७,५०० किलोमीटरला बदललेले उत्तम.

या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. त्यामुळे इनटेक (हवा आत घेणाऱ्या) वाल्वच्या पाठीवरून पेट्रोल वाहत नाही आणि ऑइलच्या वाफेची काजळी तिथे साठत जाते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या थंड फेऱ्या असतील तर लवकर साठते. उभी असताना गाडी थरथरणे, सकाळी पहिल्या मिनिटात अडखळणे ही त्याची लक्षणे. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांचा इथे उपयोग नाही, कारण ते पेट्रोल वाल्वच्या मागे पोहोचतच नाही. मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारे नळ) उतरवून वाल्व साफ करावे लागतात.

टायरचाही खर्च धरा. एन लाइनच्या १९५/५५ आर१६ टायरची भिंत जेमतेम १०७ मिलिमीटर उंच असते, लहान चाकाच्या १८५/६५ आर१५ची १२०. खड्ड्यात आपटल्यावर तेवढा कमी गादीपणा. ८०-१००च्या वेगात स्टिअरिंग थरथरू लागले तर नुसते बॅलन्सिंग करून गप्प बसू नका, रिम वाकली आहे का ते मशीनवर फिरवून बघायला सांगा.

प्रश्न : साधी १.२ घेऊन नंतर रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणे), मोठा एक्झॉस्ट आणि १७ इंची अलॉय केले तर कमी पैशात तेच मिळणार नाही का? (कोल्हापूर)

नाही मिळणार. टर्बो नसलेल्या इंजिनात रिमॅपने वाढवायला जागाच फार थोडी असते. हवा जितकी आत येते तितकीच येते. चार-पाच पीएस वाढले तरी ओव्हरटेक करताना ते जाणवणार नाहीत. एक्झॉस्टने आवाज वाढतो आणि दंड होतो. १७ इंची चाके जड असल्याने उलट पिकअप मंदावते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. वॉरंटी जाते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलांवर बोट ठेवते.

याच साध्या गाडीवर पैसे खर्चायचे असतील तर चार चांगले टायर घ्या, कंपनीच्याच साइझचे. ओल्या रस्त्यावर थांबण्यात जो फरक पडेल तो रिमॅपने सात जन्मांत पडायचा नाही.

प्रश्न : ‘एन लाइन’ म्हणजेच ह्युंदाईची ‘एन’ का? आणि टाटा अल्ट्रोझ रेसर तिच्या तोडीची आहे का? (लातूर)

एन लाइन वेगळी, एन वेगळी. युरोपात विकली गेलेली आय२० एन १.६ टर्बोची, २०४ पीएसची गाडी होती. आपल्याकडची एन लाइन त्या खानदानाचा पोशाख घातलेली चपळ गाडी आहे, इतकेच. खरी ‘हॉट हॅच’, म्हणजे दांडग्या इंजिनाची हॅचबॅक, आपल्याकडे किती महाग पडते ते पाहा : २०१६मध्ये १९२ पीएसची फोक्सवॅगन पोलो जीटीआय आली ती जवळपास २६ लाखांना, आणि २०२५मध्ये २६५ पीएसची गोल्फ जीटीआय ५३ लाखांना.

जून २०२४मध्ये आलेल्या अल्ट्रोझ रेसरमध्ये १.२ टर्बो, १२० पीएस, १७० एनएम, फक्त ६-स्पीड मॅन्युअल. कागदावर एन लाइनच्या बरोबरीची, आणि येतानाची किंमत साडेनऊ लाखांपासून. मागे ड्रम ब्रेकच आहेत. ऑटोमॅटिक नको असेल आणि रेसर शोरूममध्ये मिळत असेल तर दोन्ही चालवूनच ठरवा, विशेषतः क्लचचा जडपणा आणि गिअर पडण्याची सफाई पाहा.

प्रश्न : गोव्याच्या नंबरची २०१८ची मारुती बलेनो आरएस मिळतेय. घ्यावी का? काय तपासू? (सावंतवाडी)

गाडी गुणी आहे. मार्च २०१७मध्ये आलेली, ९९८ सीसी बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस, १५० एनएम, चारही चाकांना डिस्क. २०२०मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू होताना ती बंद झाली. याच घराण्यातले इंजिन पुढे मारुतीच्याच फ्रॉन्क्समध्ये आले, तरी प्रत्येक पार्ट बसेलच असे धरू नका, पार्ट नंबर जुळवून घ्या.

गाडी पाहायला सकाळी जा आणि आदल्या रात्रीपासून ती सुरू केलेली नसावी, असे आधीच सांगा. सुरू करताच मागून निळसर धूर आला तर टर्बोचे सील किंवा वाल्व सील गेलेले असण्याची शक्यता. मग चालवताना दुसऱ्या गिअरमध्ये २००० ते ४००० आरपीएम पूर्ण पाय दाबा. जोर अर्ध्यात सुटला आणि ‘फुस्स’ असा हवेचा आवाज आला तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप फाटला आहे किंवा क्लिप सैल आहे. ही दुरुस्ती स्वस्त. सतत वाढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर टर्बोचे बेअरिंग, ती दुरुस्ती महाग. ऑइल बदलल्याच्या नोंदी मागा. दोन बदलांमध्ये १५,००० किलोमीटरच्या वर अंतर दिसले तर दुसरी गाडी बघा.

कागदपत्रांत गोव्याच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) विकणाऱ्याकडून आधी घ्या, पूर्ण पैसे त्यानंतर. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर इथला नंबर घेणे बंधनकारक आहे, आणि इथला रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागेल. ती रक्कम सिंधुदुर्गच्या आरटीओत विचारून घ्या आणि सौद्याच्या किमतीत आधीच धरा. मागचे डिस्क आणि पॅड झिजले असतील तर तोही खर्च त्याच बैठकीत वजा करून मागा.