जड तिजोरी म्हणजे फायरप्रूफ तिजोरी नव्हे

तुम्ही विचारलंय, घरात दागिने आणि कागदपत्रं ठेवायला फायरप्रूफ तिजोरी किती मिनिटांची, म्हणजे आगीत किती वेळ टिकणारी घ्यावी, आणि त्यापेक्षा जाड पोलादाची भक्कम तिजोरीच का घेऊ नये. मिनिटांचं उत्तर सोपं आहे: एक तासाची घ्या. दुसऱ्या प्रश्नावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं गेली अकरा वर्षं वाजलेलं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

आमची तिजोरी दादाने निवडली होती. जाड पोलाद, उचलायला चार माणसं लागली. त्याने दारावर बोटं वाजवून दाखवली आणि म्हणाला, "हिला काय होणार?" हिच्यावर आगीबद्दल काहीच लिहिलेलं नाही, असं मी म्हटलं, तर तुला यातलं काय कळतं, म्हणून विषय संपवला.

आग एकाच खोलीत लागली. पडदा, गादी, लाकडी कपाट जळलं. तिजोरीचा रंग गेला, पण पोचा एकही नाही, कुलूपही फिरलं. दादाने ओलं फडकं हाताला गुंडाळून ती लगेच उघडली, आणि आत धुमसत असलेला वरचा गठ्ठा डोळ्यांदेखत भडकला. तो विझवून आत पाहिलं. आईच्या बांगड्यांवर नुसती काजळी होती, पुसल्यावर होत्या तशा निघाल्या. खरेदीखत अख्खं दिसत होतं. कागद तपकिरी, कडा काळ्या, अक्षरंसुद्धा वाचता येत होती, पण उचलायला गेले तर बोटांत चुरा. आणि बाबांनी आईला लिहिलेली पत्रं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होती, त्यांचा प्लॅस्टिकसकट एक गोळा झाला होता. खरेदीखताची नक्कल मिळाली. पत्रांची कुठून मिळणार?

पोलाद चोराला अडवतं, उष्णतेला नाही. भरीव पोलादी तिजोरी आगीत तापली की आतला कागद भट्टीत ठेवल्यासारखा भाजतो. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस लागतात, कागद त्याच्या कितीतरी आधी करपतो. फायरप्रूफ तिजोरीत दोन पत्र्यांच्या मध्ये सिमेंट किंवा जिप्समसारखं भरण असतं. त्यात मुरलेलं पाणी तापल्यावर वाफ होऊन निघतं आणि तोवर आतलं तापमान चढू देत नाही. दाराच्या फटीतली पट्टी उष्णतेने फुगून फट बंद करते. काम सगळं त्या भरणाचं, पत्र्याच्या जाडीचं नाही. हेच मी दादाला सांगत होते.

म्हणून नुसता "फायरप्रूफ" शब्द बघून पैसे देऊ नका, चाचणीचं लेबल बघा. यूएल ७२ या अमेरिकी मानकात "क्लास ३५०, १ तास" असेल तर चाचणीची भट्टी तासाभरात ९२७ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊनही आतलं तापमान ३५० फॅरनहाइट, म्हणजे १७७ सेल्सिअसच्या वर गेलेलं नसतं. कागदाला ते चालतं. पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क ठेवणार असाल तर क्लास १२५ लागेल, म्हणजे ५२ सेल्सिअस.

दादा अजूनही म्हणतो, आग फार मोठी होती, कुठलीच तिजोरी टिकली नसती. शेजारच्या खोलीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरीसुद्धा शाबूत होती. मोठी आग अशी नसते.

हां, दागिन्यांचं राहिलंच. फायरप्रूफ तिजोरीचा पत्रा बहुधा पातळ असतो, पहारीने उचकटता येतो, आणि छोटी असेल तर उचलूनही नेता येते. ती बोल्टने जमिनीला आवळा, पण कंपनीने ठेवलेल्या भोकांतूनच, नवं भोक पाडलंत तर भरण उघडं पडेल. सोन्याला धोका चोराचा जास्त, त्यामुळे दागिने फार असतील तर चोरी आणि आग दोन्हींची चाचणी झालेली तिजोरी बघा. मोती मात्र उष्णतेने खराब होतात, त्यांना सोन्याचा हिशेब लावू नका. भरणातल्या पाण्यामुळे आत दमटपणा येतो, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बदलत राहा. कागद प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका. एकदा आगीतून गेलेली तिजोरी परत वापरू नका, भरणातलं पाणी संपलेलं असतं.

आणि आग विझल्यावर तिजोरी हाताला पूर्ण गार लागेपर्यंत उघडू नका, मग त्यात एक अख्खा दिवस गेला तरी चालेल. त्या दिवशी दादाच्या शेजारी मीही उभी होते, आणि थांब म्हणाले नाही.