सिनाई सुटलं, वेस्ट बँक का अडली?

प्रश्न : इजिप्त आणि इस्रायल चार युद्धं लढले, तरी 1979 मध्ये त्यांचा तह झाला आणि आजवर टिकला. पॅलेस्टिनींशी तसं का जमत नाही? पुढे काही आशा?

उत्तर : आधी माझी चूक कबूल करतो. 13 सप्टेंबर 1993ला इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांचं हस्तांदोलन टीव्हीवर पाहिलं आणि पुढच्याच तासाला वर्गात छातीठोकपणे सांगून टाकलं, ‘हा प्रश्न मिटला.’ (ती मुलं आता चाळिशी ओलांडून गेली असतील. माफ करा रे.) ओस्लो करार वाचला तो नंतर. अराफात यांनी इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला होता. राबिन यांनी पीएलओला, म्हणजे अराफात यांच्या संघटनेला, पॅलेस्टिनी जनतेचे प्रतिनिधी मानलं, स्वतंत्र राष्ट्राबद्दल चकार शब्द नाही. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (व्यापलेल्या भूमीवरच्या ज्यू वस्त्या), सीमा, जे जे अवघड ते पुढच्या वाटाघाटींवर ढकललेलं.

1967च्या युद्धात इस्रायलने घेतलेलं सिनाई इजिप्तला परत करताना मात्र नकाशाही ठरला होता आणि तारीखही : एप्रिल 1982. मध्येच, 1981 मध्ये, इजिप्तचे अध्यक्ष सादात यांची हत्या झाली, तरी वेळापत्रक हललं नाही. सिनाईतल्या यामित वसाहतीतले लोक छपरांवर चढून बसले, तर इस्रायली सैनिकांनीच त्यांना खाली ओढलं. संरक्षणमंत्री होते एरिएल शेरॉन, वसाहतींचे कट्टर कैवारी!

अर्थात सिनाई म्हणजे बहुतेक वाळवंट. उलट वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या हेब्रॉनमध्ये अब्राहमची कबर आहे, ज्यू आणि मुसलमान दोघांनाही पवित्र. तिथेच फेब्रुवारी 1994 मध्ये एका ज्यू अतिरेक्याने नमाज पढणाऱ्या 29 जणांना मारलं. मग कट्टर पॅलेस्टिनी गट हमासचे बसमधले आत्मघाती स्फोट, आणि 1995 मध्ये खुद्द राबिन यांचा खून, तोही एका ज्यू तरुणाकडून. वसाहती मात्र वाढतच राहिल्या, कारण त्या थांबवण्याचं कलम करारात नव्हतंच. कराराच्या वेळी पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत लाखभर वसाहतवाले होते. आज पाच लाखांच्या आसपास आहेत.

2005 मध्ये याच शेरॉननी गाझातल्या वसाहती उठवल्या, पण एकतर्फी. वाटाघाटींवर विसंबलेले पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांच्या हाती दाखवायला काही उरलं नाही आणि पुढच्याच वर्षी निवडणूक हमासने जिंकली.

तेव्हा आशेचं विचाराल तर, नवा करार आला की मी फोटो बघत नाही, तारखा शोधतो. ऑक्टोबर 2025च्या गाझा युद्धविराम योजनेत हमासच्या ताब्यातल्या ओलिसांच्या सुटकेला 72 तासांची मुदत होती. पॅलेस्टिनी राष्ट्राला कसलीच नव्हती.