मेंदूसारखं एजीआय बनवायचंय, मग डिग्री कुठली?

तुझं पत्र वाचलं. मेंदूची हुबेहूब नक्कल करून एजीआय, म्हणजे माणसासारखं कुठलंही बौद्धिक काम करू शकणारं एआय, बनवायचंय, त्यासाठी न्यूरोसायन्स (मेंदू आणि मज्जासंस्थेचा अभ्यास) घ्यावं की कॉम्प्युटर सायन्स ते ठरत नाहीये आणि बाबा म्हणतायत असल्या नादाने नोकरी मिळणार नाही.

सरळ सांगते, डिग्री कॉम्प्युटर सायन्स नाहीतर मॅथ्सची घे, मेंदूचा अभ्यास जोडीला ठेव. कारण तू लिहिलंयस ना, "मेंदूचं वायरिंग कळलं की कोडमध्ये उतरवायचं", तिथेच खरी गोम आहे. सी. एलिगन्स नावाचा जेमतेम एक मिलिमीटरचा जंत आहे, त्याच्यात मोजून 302 न्यूरॉन, म्हणजे एकमेकींना संदेश देणाऱ्या मज्जापेशी, त्यांच्या वायरिंगचा नकाशा 1986 सालीच छापून आलाय, तरी नुसत्या नकाशावरून तो पुढे काय करेल हे अजून धड सांगता येत नाही, कारण कुठली जोडणी किती जोराची, ती पुढच्या न्यूरॉनला चेतवते की दाबते, आसपास कुठली रसायनं फिरतायत हे त्यात दिसतच नाही. आणि आपल्या डोक्यात न्यूरॉन 8600 कोटींच्या आसपास!

पण मेंदूकडून तुकड्यातुकड्याने बरंच मिळालंय हं. उंदीर झोपला की त्याचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग, जागेपणीचा रस्ता पुन्हा गिरवतो; डीपमाइंड या गूगलच्या एआय कंपनीच्या व्हिडिओ गेम खेळणाऱ्या प्रोग्रॅमलाही जुने अनुभव साठवून पुन्हा पुन्हा शिकवायचे, 2015 चा तो पेपर शोधून वाच. डीपमाइंडच्या संस्थापकांपैकी एक, डेमिस हसाबिस, त्याने आधी कॉम्प्युटर सायन्सच केलं, न्यूरोसायन्समध्ये पीएचडी नंतर.

आता एक काम कर. पायथॉन या कोडिंगच्या भाषेत छोटं न्यूरल नेटवर्क (उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्रॅम) घे, त्याला हाताने लिहिलेले 0 ते 4 आकडे ओळखायला शिकव, मग फक्त 5 ते 9 शिकव आणि पुन्हा 0 ते 4 ची परीक्षा घे. सगळं विसरलेलं असेल! माणूस असा विसरत नाही, का नाही, यावर लोक आजही डोकं फोडतायत. जुने आकडे अधूनमधून मिसळून बघ, काय फरक पडतो ते लिहून ठेव. यात दोन रात्री कधी गेल्या कळलं नाही तर तुझी लाइन हीच.

बाबांना सांग, एजीआय होवो न होवो, कोडिंग आणि स्टॅटिस्टिक्स येणाऱ्याला काम मिळतं, नुसत्या न्यूरोसायन्सच्या डिग्रीवर मात्र बहुतेक वेळा पीएचडीपर्यंत थांबावं लागतं. मायक्रोस्कोपवर तासन्‌तास बसायची खरंच आवड असेल तर गोष्ट वेगळी, पण तुझ्या अख्ख्या पत्रात तसं एक वाक्य नाहीये.