स्लो मोशन नव्हे, यती

प्रश्न असा आहे: 'व्हिडिओ संपादनात एकाच क्लिपचा वेग की-फ्रेम (क्लिपमधल्या ठरावीक क्षणावरची खूण) लावून कुठे वाढवतात, कुठे उतरवतात. या क्रियेला मराठीत "स्लो मोशन करणे" म्हणावे की "गती बदलणे"? शिवाय तो की-फ्रेम की ती की-फ्रेम?'

'स्लो मोशन करणे' तर मुळीच म्हणू नये. क्लिप दुप्पट वेगाने पळवली तरी 'इथे जरा स्लो-मो टाकला आहे' असे सांगणारे संपादक भेटतात आणि ऐकणारे मान डोलावतात, याचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. खरे स्लो मोशन चित्रीकरणाच्या वेळीच ठरते. कॅमेऱ्याने सेकंदाला 100 फ्रेम टिपल्या आणि त्या सेकंदाला 25 या हिशेबाने दाखवल्या, तर एका सेकंदाची हालचाल चार सेकंद चालते आणि त्यातली प्रत्येक फ्रेम अस्सल असते. मूळ चित्रीकरणच 25 फ्रेमचे असेल आणि वेग 25 टक्क्यांवर आणला, तर सॉफ्टवेअरला एकच फ्रेम चारदा दाखवावी लागते, शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळाव्या लागतात, नाहीतर ऑप्टिकल फ्लोने, म्हणजे चित्रातल्या हालचालीचा अंदाज बांधून, मधल्या फ्रेम स्वतःच रचाव्या लागतात.

'गती' आणि 'वेग' हे दोन्ही शब्द चालतील, परंतु वेग किती आहे एवढेच ते सांगतात. तो कोणत्या क्रमाने बदलत जातो, हे सांगत नाहीत. त्यासाठी आपल्याकडे संगीतातला तयार शब्द आहे आणि तो म्हणजे 'यती', अर्थात लय कोणत्या क्रमाने चालते याची रीत. भरताच्या नाट्यशास्त्रात यतीचे तीन प्रकार आहेत. आदी, मध्य आणि अंत या तिन्ही ठिकाणी लय एकच राहिली तर समा. विलंबितापासून (संथ) मध्य लयीतून द्रुताकडे (जलद) गेली तर स्रोतोगता. द्रुतापासून विलंबिताकडे उतरली तर गोपुच्छा. तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने लयप्रवृत्तीचा नियम तो यती, अशी व्याख्याच करून ठेवली. पुढे मृदंगा यतीही सांगितली जाऊ लागली, जिच्यात दोन्ही टोके द्रुत आणि मध्य संथ असतो. आजच्या जाहिरातींत धावत येणारा खेळाडू नेमका चेंडूला लाथ मारताना संथ होतो आणि पुन्हा सुसाट सुटतो, ती हीच.

हा शब्द 'यम्' म्हणजे आवरणे या धातूपासून आला आहे. संयम, नियम आणि आयाम ही त्याचीच भावंडे आहेत. यंत्र आणि त्यावरून झालेले नियंत्रण हीदेखील त्याच घरातली आहेत. घोडे आवरणारा सारथी तो 'यंता', आणि त्याच्यावरून घडवलेला 'अभियंता' आज महानगरपालिकेत बसतो. संन्यासी थांबून राहतो म्हणून विरामालाही यती म्हणतात, असे काही विद्वान अजूनही लिहितात. संन्यासी यती हा 'यत्' म्हणजे प्रयत्न करणे या धातूचा आहे. दोघांचा उच्चार जुळला म्हणून गोत्र जुळत नाही आणि कोश उघडण्याचे कष्ट घेतले असते तर हे वाक्य लिहिलेच गेले नसते.

छंदःशास्त्रातली यती म्हणजे चरणातले थांबण्याचे ठिकाण. मंदाक्रांता या वृत्ताच्या चरणात सतरा अक्षरे असतात आणि यती चौथ्या व दहाव्या अक्षरांनंतर येते. पहिली चारही अक्षरे गुरू, म्हणजे चार अक्षरांना आठ मात्रा. पुढच्या सहांत सलग पाच लघू आणि एक गुरू, म्हणजे सहा अक्षरांना सातच मात्रा. शेवटच्या सातांत लघुगुरू मिसळलेले. संथ, मग झपाट्याने, मग मध्यम, आणि प्रत्येक बदलाच्या सांध्यावर यती! प्रीमियर प्रो या संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइम रीमॅपिंगमध्ये, म्हणजे क्लिपचा वेग जागोजागी बदलण्याच्या सोयीत, की-फ्रेम अगदी हेच काम करते. क्लिपवरच्या आडव्या रेघेवर कंट्रोल दाबून क्लिक केले की की-फ्रेम पडते, तिच्या दोन्ही बाजूंचे तुकडे स्वतंत्रपणे वर-खाली ओढून त्यांचा वेग ठरवता येतो, आणि त्या की-फ्रेमची दोन अर्धुके एकमेकांपासून लांब ओढली की मधल्या अंतरात वेग उताराने बदलतो. अर्धुके लांब न ओढता तशीच ठेवली तर प्रेक्षकाला हिसका बसतो आणि त्याला मी बेधडक 'यतिभंग' म्हणेन. शब्दाच्या मधोमध यती पडल्यावर कानाला होते तीच पीडा इथे डोळ्याला होते. या रीतीने वेग बदलला तरी प्रीमियर जोडलेला आवाज मूळ वेगातच ठेवते, हे मात्र विसरू नये.

की-फ्रेमला 'कुंजी-चौकट' म्हणावे, ही सूचना मला मान्य नाही. इथे 'की' म्हणजे कुलपाची किल्ली नव्हे. चलच्चित्रशाळेत, म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत, मुख्य चित्रकार हालचालीतल्या निर्णायक मुद्रा काढीत असे आणि मधली चित्रे मदतनीस भरीत. त्या निर्णायक चित्रावरून हे नाव आले. किल्ली हातात घेऊन त्याचे भाषांतर करणाऱ्यांना काय म्हणावे? रूढ झालेला 'की-फ्रेम' हाच शब्द राहू द्यावा.

तेव्हा 'क्लिपला यती लावली', 'यती मृदंगा ठेवली' असे म्हणावे. राहिले लिंग. चष्म्याची असो वा तसबिरीची, मराठीत फ्रेम ही ती फ्रेमच आहे. म्हणून की-फ्रेम टाकली, सरकवली आणि नको असेल तर पुसली.